भेसळ, डोपिंग आणि आम्ही डिप्लोमावाले

‘भेसळ’ हा शब्द आपल्याकडे कुणी प्रेमाने उच्चारत नाही. दुधात पाणी, तिखटात विटेचा भुगा, मेसच्या वरणात... असो, मेसबद्दल काही लिहायचं नाही अशी संपादकांची सक्त ताकीद आहे! पण इंजिनिअरिंगला आलं की याच शब्दाचा एक चुलतभाऊ भेटतो आणि तो मात्र फार मानाचा निघतो. त्याचं नाव डोपिंग. शुद्ध सिलिकॉनमध्ये अगदी किंचित फॉस्फरस किंवा बोरॉन घातला की डायोड होतो, ट्रान्झिस्टर होतो आणि त्यावर सगळी दुनिया चालते. काम तेच, शुद्ध वस्तूत दुसरी वस्तू मिसळण्याचं. पण एकाला दंड होतो आणि दुसऱ्याला पेटंट मिळतं!

सातव्या सेमिस्टरच्या सेमिनारसाठी मी ‘डोप्ड ऑप्टिकल फायबर’ हा विषय घेतला. वीस मिनिटांत स्लाईड संपल्या, सरांनी दोन प्रश्न विचारले, मार्कही मिळाले. पण विषय काही डोक्यातून जाईना. कारण काचेबद्दल वाचता वाचता मला जागोजागी आम्हीच दिसायला लागलो होतो. आम्ही म्हणजे डिप्लोमावाले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दहावीनंतर पॉलिटेक्निकला तीन वर्षं काढून जे थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला येतात ते आम्ही. बाकीचे बारावी आणि सीईटीच्या गाळणीतून आलेले असतात. आम्ही येतो तेव्हा वर्गातले ग्रुप पडून गेलेले असतात, बाकांवर नावं कोरून झालेली असतात आणि ‘एम-वन’, ‘एम-टू’ हे गणिताचे दोन डोंगर इतरांनी ओलांडलेले असतात. आम्हाला एकदम ‘एम-थ्री’च्या कड्यावर उभं करतात. वर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी म्हणतंच, “हे मागच्या दाराने आलेले.” म्हणणारा हसतो, आपणही हसतो. पण रात्री कूलरच्या घरघराटात ते वाक्य परत ऐकू येतं.

आता काचेकडे वळू. काच करणं मराठी माणसाला नवीन नाही. १९०८ साली तळेगाव दाभाडे इथे पैसा फंड काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा मागून जमवलेल्या फंडातून, लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने आणि ईश्वरदास वार्ष्णेय या काचतज्ज्ञाच्या हाताखाली. पुढे कराडजवळच्या ओगलेवाडीच्या ‘प्रभाकर’ कंदिलाने घराघरात उजेड दिला. आमच्या आजीच्या घरी त्याची काच राखेने पुसणं हे रोजचं काम होतं म्हणे.

या साध्या काचेत एक अडचण असते. वाळूत लोखंडाचा अंश असतो आणि त्याने काच हिरवट होते. खिडकीच्या तावदानाची कड बघा, हिरवी दिसेल. हा हिरवेपणा घालवायला जुने काचवाले भट्टीत थोडं मँगनीज डायऑक्साइड टाकत. मँगनीजच्या जांभळट छटेने लोखंडाचा हिरवट रंग मारला जातो. म्हणून त्याचं नावच पडलं, काचवाल्यांचा साबण! हे वाचलं तेव्हा मी उडालोच. माझे वडील रामटेक तालुक्यात मँगनीजच्या खाणीवर कामाला. ते घरी यायचे तेव्हा त्यांच्या कपड्यांतून निघणारं काळं पाणी मी लहानपणापासून पाहिलंय. ते काळं काहीतरी काच स्वच्छ करतं, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

पण हाच साबण ऑप्टिकल फायबरमध्ये विष ठरतो. लोखंड, तांबं, कोबाल्ट, मँगनीज, सगळे प्रकाश खातात. १९६६ साली चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी इंग्लंडमध्ये एक शोधनिबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की काचेच्या तंतूतून लांबवर संदेश जात नाही तो काचेच्या दोषामुळे नव्हे, तर काचेतल्या अशुद्धीमुळे. एका किलोमीटरनंतर आत टाकलेल्या प्रकाशाचा निदान १ टक्का उरला, म्हणजे नुकसान २० डेसिबलवर आलं, तरी टेलिफोन चालेल. त्या वेळच्या तंतूत काही मीटरांतच अंधार व्हायचा. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत मॉरर, केक आणि शुल्ट्झ या तिघांनी १७ डेसिबलचा तंतू काढून दाखवला. त्याच्या गाभ्यात त्यांनी मुद्दाम टायटॅनियम मिसळलं होतं. दोन वर्षांनी त्याजागी जर्मेनियम आलं आणि नुकसान ४ डेसिबलवर उतरलं. आजच्या चांगल्या फायबरमध्ये ते ०.२ डेसिबलच्या आसपास असतं. काव यांनी एका किलोमीटरला १ टक्का मागितला होता, तो आता १०० किलोमीटरला मिळतो. २००९ साली त्यांना नोबेल मिळालं ते उगाच नाही.

तंतूच्या गाभ्याची काच बाहेरच्या काचेपेक्षा किंचित ‘जड’, म्हणजे जास्त अपवर्तनांकाची असावी लागते, तेव्हाच प्रकाश आतल्या आत परावर्तित होत पुढे सरकतो. त्यासाठी गाभ्यात जर्मेनियम घालतात, शंभरात तीन-चार भाग. लोखंड मात्र अब्जात काही भाग असलं तरी चालत नाही. एकच काच! एका पाहुण्यासाठी पायघड्या आणि दुसऱ्याला फाटकातच मज्जाव. अशुद्धी आणि डोपिंग यांत फरक एवढाच, की काय घातलं, किती घातलं, कुठे घातलं आणि कशासाठी घातलं.

हा मज्जाव करतात कसा, ते मला फार आवडलं. १९७४ च्या सुमाराला बेल लॅबमध्ये मॅकचेस्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत बसवली. सिलिकॉन टेट्राक्लोराइड हा पाण्यासारखा द्रव आहे, ५८ अंशांच्या आसपास उकळतो. (आपल्या मे महिन्याच्या नागपुरात फार काही कष्ट पडू नयेत!) त्यातून ऑक्सिजनचे बुडबुडे सोडले की त्याची वाफ ऑक्सिजनबरोबर निघते. लोखंडाच्या क्लोराइडला उकळायला ३०० अंशांच्या वर जावं लागतं, म्हणून ते खालीच राहतं. शुद्ध वाफ फिरत्या क्वार्ट्झच्या नळीत जाते, बाहेरून ज्योत फिरत असते, आत १६०० अंशांच्या आसपास वाफेचा आणि ऑक्सिजनचा संयोग होऊन काचेची बारीक राख नळीच्या आतल्या बाजूला बसते आणि वितळून थर होतो. थरावर थर. शेवटी नळी २००० अंशांच्या वर तापवून मिटवतात आणि भरीव कांडी तयार होते. ही कांडी उंच मनोऱ्यावर भट्टीत धरून खाली ताणली की १२५ मायक्रॉनचा, म्हणजे केसाएवढा तंतू निघतो. गंमत म्हणजे कांडीत गाभा आणि बाहेरची काच यांचं जे प्रमाण असतं, तेच ताणल्यावर तंतूत राहतं. आपल्या महाराष्ट्रात हे काम छत्रपती संभाजीनगरला, वाळूज आणि शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींत चालतं. तिथे स्टरलाइट टेक्नॉलॉजीजचे कारखाने आहेत.

आता थोडा हिशेब करू. नागपूरहून मुंबईला, रेल्वेच्या कडेने, ८४० किलोमीटर फायबर टाकला असं धरा. ०.२ डेसिबलने वर्ध्याला पोचेपर्यंत, म्हणजे ८० किलोमीटरला, प्रकाश अडीच टक्के उरतो. मुंबईपर्यंत १६८ डेसिबल होतात. नागपूरहून १ मिलिवॉट प्रकाश सोडला, म्हणजे सेकंदाला जवळपास ८ हजार दशलक्ष दशलक्ष फोटॉन, तर मुंबईत सात-आठ सेकंदांत एखादा फोटॉन पोचेल. जगातली शुद्धातली शुद्ध काच घेऊनसुद्धा! म्हणजे नुसत्या शुद्धतेने मुंबई गाठता येत नाही. वाटेत कुणीतरी हात द्यावा लागतो.

पूर्वी हा हात इलेक्ट्रॉनिक असायचा. प्रकाशाची वीज करायची, ती वाढवायची, परत प्रकाश करायचा. १९८८ ची अटलांटिक समुद्राखालची पहिली फायबर केबल अशीच होती. पण त्याआधीच, १९८७ मध्ये, साउदॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन यांच्या गटाने आणि बेल लॅबमध्ये देसुर्व्हीर यांनी दाखवलं होतं की फायबरच्या गाभ्यात एर्बियम नावाचा धातू घातला तर काचच प्रकाश वाढवते. ९८० नॅनोमीटरच्या लेसरने एर्बियमला वर चढवायचं. ते वर सुमारे १० मिलिसेकंद थांबतं. अणूंच्या जगात हा म्हणजे अख्खा उन्हाळी सुट्टीएवढा मुक्काम! तेवढ्यात १५५० नॅनोमीटरचा थकलेला संदेश आला की एर्बियम खाली उतरतं आणि अगदी त्याच्यासारखाच फोटॉन त्याच्या सोबतीला देतं. काही मीटर तंतूत संदेश हजारपट होऊ शकतो. १९९६ मध्ये अटलांटिकखाली गेलेल्या केबलमध्ये हेच बसवलं गेलं. आणि एर्बियम किती लागतं? दहा लाखांत काही शे भाग.

हे एर्बियम नाव स्वीडनमधल्या इटर्बी नावाच्या खेड्यावरून पडलंय. त्या एका खेड्याच्या नावावर चार मूलद्रव्यं आहेत. खेड्यातली पोरं पुढे जातात ती अशी!

पण मुद्दा पुढेच आहे. एर्बियम काचेत घालायचं कसं? त्याचं क्लोराइड सहजासहजी उकळतच नाही. म्हणजे वाफेच्या ज्या गाळणीने लोखंड अडतं, त्याच गाळणीने एर्बियमही अडतं. गाळणीला दोघांतला फरक कळत नाही. तिला फक्त कोण सहज उडतं एवढंच कळतं. मग संशोधकांनी गाळणी मोडली नाही, दुसरी वाट काढली. नळीत काचेची राख पूर्ण वितळू न देता सच्छिद्र थर बसवायचा, पावासारखा. तो एर्बियमच्या क्लोराइडच्या द्रावणात तासभर भिजत ठेवायचा. द्रावण काढायचं, थर वाळवायचा, पाण्याचा अंश राहू नये म्हणून क्लोरीन फिरवायचा, आणि मग वितळवून घट्ट करायचा. आपल्या देशात कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत असे एर्बियमचे तंतू केले गेले आहेत.

सेमिनारच्या आदल्या रात्री मी हे सगळं रूमवर मोठ्याने म्हणून बघत होतो. श्रोता एकच, माझा रूममेट. तो गोंदियाचा, म्हणून हॉस्टेलभर त्याचं नावच ‘गोंदिया’. तोही डिप्लोमावाला. त्याचा एम-थ्री तेव्हा तिसऱ्यांदा राहिला होता, आणि पेंडिंग विषय असलेल्यांना कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या बसू देत नाहीत. त्याची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. “आता नाही होत बे,” तो दुपारीच म्हणाला होता. “बाबाले सांगतो, दुकानात बसतो.”

हा तोच गोंदिया, ज्याने डिप्लोमानंतरच्या उन्हाळ्यात भारतनेटच्या एका कंत्राटदाराकडे गावोगाव फायबर जोडण्याचं काम केलं होतं. फायबर सोलणं, काटकोनात तोडणं, स्प्लाइसिंग मशीनमध्ये ठेवून वितळवून जोडणं हे तो डोळे मिटून करतो. प्रॅक्टिकलला आम्ही ट्रेनर किटवरच्या मीटरभर प्लास्टिक फायबरमध्ये लाल दिवा पाहून खूश व्हायचो, आणि हा मागून म्हणायचा, “खरा फायबर मिळाला असता तं मजा आली असती.”

मी एर्बियम भिजवण्याची स्लाईड संपवली तेव्हा तो पलंगावर उठून बसला होता.

“म्हणजे त्याले पुन्हा पुन्हा त्याच गाळणीतून काढून नाही राहिले?” त्याने विचारलं.

“नाही ना बे. कितीही काढलं तरी ते वर येतच नाही.”

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मी तं तिसऱ्यांदा तेच गाइड पाठ करून राहिलो.”

त्या रात्री आम्ही बॅगेबद्दल बोललो नाही. पुढची स्लाईड होती क्लस्टरची. एर्बियम थोडं जास्त झालं, की त्याचे अणू शुद्ध सिलिकामध्ये एकमेकांना चिकटून घोळके करतात. मग वर चढलेले दोघं शेजारी आले की एक आपली ऊर्जा दुसऱ्याला देऊन खाली पडतो आणि दुसरा ती उष्णतेत उधळतो. संदेशाला काहीच मिळत नाही. तंतू तपासताना हे पकडता येतं. नेहमीच्या नुकसानीसाठी लांब तंतूतून येणारा प्रकाश मोजतात, मग तंतू दोनेक मीटरवर तोडून पुन्हा मोजतात. आणि घोळक्यासाठी एर्बियमचा उजेड किती मिलिसेकंदांत विझतो ते पाहतात. लवकर विझला तर समजायचं की आत गटबाजी आहे! यावर उपाय काय, तर अॅल्युमिनियम. द्रावणात एर्बियमबरोबर त्याच्या कितीतरी पट अॅल्युमिनियमचं क्लोराइड घालतात. त्याने एर्बियमचे अणू सुटे होऊन काचेत नीट पसरतात. अॅल्युमिनियम स्वतः प्रकाश वाढवत नाही, पण त्याच्यावाचून एर्बियमचं काम चालत नाही.

“मेसमधला आपला टेबल,” गोंदिया म्हणाला आणि आम्ही दोघंही हसलो. खरंच होतं. अडीच वर्षं आम्ही सगळे डिप्लोमावाले एकाच टेबलावर जेवत होतो, आणि बोलणं एकच, की सिस्टम कशी आपल्या विरोधात आहे. पोट भरायचं, पण उठताना अंगात शक्ती कमीच असायची.

दुसऱ्या दिवशी त्याने जे केलं ते सांगायलाच हवं. आमच्या वर्गातली एक मुलगी गणितात पहिल्यापासून पुढे. तिचा प्रोजेक्ट फायबर सेन्सरचा आणि सोल्डरिंग काही जमेना. गोंदिया सरळ तिच्यासमोर जाऊन म्हणाला, “मी तुझं सर्किट बसवून देतो, तू मला इंटिग्रेशन पहिल्यापासून शिकव. एम-थ्री नको, एम-वन.” ती म्हणाली, “एम-वन कशाला? पेपर तर एम-थ्रीचा आहे ना?” तो म्हणाला, “पाया भिजल्याशिवाय वरचं बसत नाही.” तेव्हापासून लायब्ररीच्या मागच्या कोपऱ्यात संध्याकाळी दोघांची वही आणि सोल्डर गन एकाच टेबलावर दिसू लागली. आमच्यातले आणखी तिघं-चौघं तिकडे सरकले. बॅग परत कपाटावर गेली.

आता कुणी म्हणेल, मग एकत्र बसणंच वाईट का? तसंही नाही. केमिस्ट्रीत धातूंच्या क्लस्टर संयुगांचं एक वेगळं दालनच आहे. एफ. ए. कॉटन या रसायनशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात हा ‘क्लस्टर’ शब्द रूढ केला. त्याचा अर्थ असा की धातूचे काही अणू थेट एकमेकांशी बंध करून गट बनवतात. मॉलिब्डेनमचं जास्त क्लोरीन असलेलं क्लोराइड मॉलिब्डेनमच्याच भुकटीबरोबर बंद नळीत तापवलं, की सहा अणूंचा अष्टफलक तयार होतो आणि त्याच्या आठही बाजूंवर एकेक क्लोरीन बसतो. ही रचना १९४० च्या दशकात ब्रोसेट यांनी क्ष-किरणांनी शोधली. या कुटुंबातल्या संयुगांवर अतिनील प्रकाश टाकला की ती लालबुंद उजळतात. आणि सगळ्यात भारी क्लस्टर तर आपल्या विदर्भाच्या शेतातच आहे. सोयाबीन, तूर, हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठी उपटून पाहिल्या असतील. त्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात तो ७ लोखंड, १ मॉलिब्डेनम आणि ९ गंधक यांच्या एका क्लस्टरच्या जोरावर. त्याच्या मध्यभागी १ कार्बन आहे हे २०११ मध्ये नक्की झालं. फायबरमध्ये ज्या लोखंडाला अब्जात काही भागही जागा नव्हती, ते इथे पीक उभं करतं!

फरक कुठे आहे? या गटांना ठरलेली रचना आहे, भोवती दुसऱ्या अणूंचं कुंपण आहे आणि मुख्य म्हणजे बाहेरच्यासाठी काहीतरी काम आहे. आमच्या टेबलाला तेच नव्हतं.

असं काम पाहायला लांब जायलाही नको. आपल्या नागपूर विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात प्रकाश देणाऱ्या पदार्थांवर अनेक वर्षं संशोधन चालू आहे. सेमिनारनंतर मी एकदा तिकडे गेलो. पीएचडी करणाऱ्या एका ताईने पांढऱ्या भुकटीच्या बाटल्या दाखवल्या. मिठासारख्या दिसणाऱ्या, सगळ्या सारख्या. अतिनील दिवा लावला तर एक लाल, एक हिरवी, एक निळी. “सगळा फरक चिमटीतल्या चिमटीएवढ्या डोपंटचा,” ताई म्हणाली. “उजेडात बघून कळत नाही कोणात काय आहे ते.” किरणोत्सर्गाच्या ठिकाणी काम करणारे लोक छातीवर जो बॅज लावतात त्यातही अशीच भुकटी असते, डिस्प्रोशियम घातलेलं कॅल्शियम सल्फेट.

ताईचं ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

मित्रांनो, पुढच्या जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा नवी डिप्लोमावाली पोरं येतील. हातात ट्रंक, तोंडात वऱ्हाडी किंवा झाडीबोली, आणि एम-थ्रीची धास्ती. त्यांना पहिल्या आठवड्यात दाराबद्दल ऐकवू नका. गाळणी आवश्यक आहे, तिच्यावाचून काच होत नाही, हे आम्हालाही मान्य आहे. पण दुसरी वाट कुणाची तरी मेहेरबानी म्हणून काढलेली नसते. ८४० किलोमीटर जायचं असतं म्हणून काढलेली असते. आणि नव्या पोरांनो, तुम्हीही एकाच टेबलावर बसून राहू नका. आपल्याला येतं ते द्या, येत नाही ते मागा. लाजू नका.

गोंदियाचा एम-थ्रीचा पेपर झाला आहे. निकाल हा अंक छापायला जाईपर्यंत लागलेला नाही. पेपरहून आल्यावर मी विचारलं, “कसा गेला?” तर म्हणाला, “सहाच्या सहा प्रश्न वाचल्यावर कळले बे. पहिल्यांदा.”